धसकटांचा वाटा

जमुना पातूरकडची. तिच्या माहेरी चुलीची चिंता कुणी केलेली तिला आठवत नव्हती. डोंगर पाठीशी होता. विळा कमरेला खोचून सकाळी गेलं की दुपारी मोळी घरात. तिला दिली नांदगाव खंडेश्वरच्या पलीकडे, भर काळ्या रानात. इथे नजर जाईल तिथवर मातीच माती, आणि झाड म्हणाल तर धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, एखादी बाभूळ, तिच्यावरही दोन घरांचा हक्क. मुलगी देताना लोक विचारतात, जमीन किती, बैल किती, विहिरीला पाणी किती. सरपण कुठून आणता, हे कोणी विचारत नाही. पुरुषांना तो प्रश्न सुचतच नाही. भाकरी ताटात येते ती जळणावाचूनच येत असावी अशी त्यांची समजूत असते. जमुनेच्या बापालाही तो सुचला नाही, आणि त्याचं ते न सुचणं जमुना पुढे वर्षानुवर्षं फुंकणीने फुंकत बसली.

काळ्या रानातल्या बायका दोनच गोष्टींवर चूल चालवायच्या. एक कपाशीची वाळलेली झाडं, म्हणजे पऱ्हाटी, आणि दुसरी ज्वारीची धसकटं. ज्वारी कापून कडबा बांधून नेला की जमिनीत वीतभर खुंट मुळासकट उभे राहतात, ती धसकटं. फाल्गुनात वखर फिरला की ती मातीतून सुटून वर येतात. मग बायका वाकून वाकून ती वेचतात, आपटून माती झाडतात, भारे बांधतात आणि डोक्यावरून घरी नेऊन रचतात. पावसाळ्याची भाकरी त्या ढिगात असते. दुसऱ्याच्या वावरात वेचायची असतील तर रीत ठरलेली होती. वावर साफ करून द्यायचं आणि धसकटं घेऊन जायची. ना त्याने मजुरी द्यायची, ना हिने मागायची. त्यातूनही उरतील ती धुऱ्यावर ढीग करून पेटवून द्यायची. चैत्रात संध्याकाळी सगळ्या शिवारावर तो धूर बसलेला असे, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

सहदेवला वाटलं. तिथूनच जमुनेचं नशीब फिरलं.

सहदेव म्हणजे जमुनेचा नवरा. दारू नाही, जुगार नाही, बायकोवर हात उगारणं नाही. गावातल्या बायका म्हणायच्या, "जमुने, तुह्या नवऱ्यात खोट काढाची त भिंगच घ्या लागन." खोट एकच होती. एखादी गोष्ट डोक्यात शिरली की तिला बाहेर यायला वाटच नसे. बाप वारल्यावर त्याने आणि धाकट्या उद्धवने चुली वेगळ्या केल्या, पण जमीन एकत्रच राहिली. एकच मोठं वावर होतं आणि त्याच्या मधोमध बापाने पाणी अडवायला घातलेला धुरा. गावाकडचा वरचा तुकडा उद्धव वाहू लागला, नाल्याकडचा खालचा सहदेव. कुणी वाटून दिलं नव्हतं, सोयीने चाललं होतं. म्हातारी गोदावरी, दोघांची आई, स्पष्ट सांगून बसली होती, "मी हाय तवर वाटनीचं नाव नाई काढाचं. माह्या मांगं काय कराचं ते करा." दोन्ही तुकड्यांची माती तेव्हा सारखीच होती. हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढे ते गावात कुणाच्याच लक्षात राहिलं नाही.

विकास योजनेचे दिवस होते. अमरावतीहून वसंत नावाचा ग्रामसेवक सायकलवरून यायचा. वकिलाच्या घरातला मुलगा, ऊन लागलं की लालबुंद व्हायचा, पण कामाला सच्चा होता. त्याने मारुतीच्या पारासमोर खड्डा खणवून घेतला, त्यात पालापाचोळा, शेण, माती असे थर घातले, पाणी मारलं आणि याचं सोन्यासारखं खत होईल असं सांगितलं. गावाने पान खात खात ऐकलं आणि उन्हं कलल्यावर घर गाठलं. एकटा सहदेव थांबला.

"धसकटं कुजतात का साहेब यात?"

"कुजतात. पण फार चिवट असतात हो ती. आधी बैलांखाली अंथरा. खुरांनी मोडू द्या, मुतानं भिजू द्या. मग खड्ड्यात घाला आणि मधूनमधून वरखाली करा."

"अन मंग वावरात टाकली त?"

"मातीतून आलेलं मातीत परत जाईल. जमीन ओल धरून ठेवेल."

वसंताची पुढे बदली झाली. पारासमोरच्या खड्ड्यात गावाने फुटकी मडकी टाकली आणि एका पावसाळ्यात तो बुजलाही. योजनेचं गावात मागे उरलं ते म्हणजे सहदेव.

खालच्या तुकड्याच्या कोपऱ्यात, नाल्याच्या अंगाला, त्याने स्वतःच्या हाताने खड्डा खणला. पहिल्या वर्षी घाई केली. बैलांखाली वगैरे अंथरण्याइतका दम निघाला नाही, धसकटं तशीच खड्ड्यात घातली. वर्षाने उकरून पाहिलं तर काळी पडलेली, पण जशीच्या तशी ताठ. उद्धव धुऱ्यावर उभा राहून पोट धरून हसला.

"दादा, लोनचं घातलं का बे धसकटाईचं? खाराले जरा कमी पडलं मीठ!"

ते लोणचं गावभर झालं. लोक सहदेवला पाहिलं की मिठाची चौकशी करायचे, आणि उद्धवने खालच्या तुकड्याचं नावच 'दादाचा उकिरडा' पाडून टाकलं. सहदेवने मनावर घेतलं नाही. दुसऱ्या वर्षी कोठ्यात बैलांच्या पायाखाली धसकटं अंथरली. खुरांनी ती चेचली, मोडली, भिजून मऊ झाली. मग शेणकाल्यात घोळून खड्ड्यात गेली, वर माती, वर पुन्हा धसकटं. महिन्या-दोन महिन्यांनी तो कंबरभर खड्ड्यात उतरून सगळं खालवर करायचा. पुढच्या मृगाच्या आधी खड्डा उघडला तेव्हा आत काळंभोर, भुसभुशीत काहीतरी होतं, आणि त्याला शेणाचा वासही उरला नव्हता. सहदेवने ओंजळ भरून ते घरी आणून जमुनेला दाखवलं. सोनार दागिना दाखवतो तसं दाखवलं. जमुनेने पाहिलं आणि म्हटलं, "हे चुलीत पेटते का?"

तिचा तरी काय दोष? घरामागची भिंत मोकळी पडली होती. जिथे दर वर्षी छातीपर्यंत धसकटं रचलेली असायची तिथे कोंबड्या फिरत होत्या.

"अवो, सारी ढोराईखाली घातली तुमी," ती म्हणाली. "मी चुलीत काय घालू?"

"पऱ्हाटी हाय ना."

"पऱ्हाटी पोळ्यापावतर बी नाई पुरत."

"मंग गवऱ्या थाप."

"अन शेन? शेन त तुमी खड्ड्यात नेता."

ते खरं होतं. सहदेव समजूत काढल्यासारखा म्हणाला, "हे पाह्य, चुलीत घातलं त एका सांजंत राख होते. मातीत घातलं त माती जेवते."

"माती जेवते, अन मानसं?"

सहदेव नुसता हसला. ते हसणं जमुनेला मारापेक्षा झोंबलं. त्यावर कडी म्हणजे चुलीत जी काय थोडी राख पडायची तीही तो टोपलीत भरून खड्ड्याकडे घेऊन जायचा.

जमुनेला वाटलं, नव्याचं खूळ आहे, उतरेल. उतरलं नाही. वर्षामागून वर्ष कोठ्यातून खड्ड्यात आणि खड्ड्यातून वावरात धसकटं जात राहिली, आणि वर्षामागून वर्ष पावसाळा आला की जमुना ओल्या बाभळीच्या काटक्या, तुरीचं भुसकट, पळसाची पानं, हाताला लागेल ते चुलीत कोंबत राहिली. सगळं घर धुराने भरायचं. फुंकून फुंकून तिचा जीव मेटाकुटीला यायचा, डोळे लाल व्हायचे, आणि भाकरी एका बाजूने करपलेली, दुसऱ्या बाजूने कच्ची. गोदावरी थोरल्याकडे जेवायची. एका आषाढात तिने आपलं ताट उचलून उद्धवच्या घरी नेलं. "सिंधूच्या घरी भाकर भाजलेली असते," ती साऱ्या आळीला ऐकू जाईल अशी म्हणाली. सिंधू म्हणजे उद्धवची बायको. तिच्या घरामागे धसकटांची गंजी उभी होती, आणि जास्तीची उद्धवने चैत्रातच धुऱ्यावर जाळली होती. जमुनेला तो अपमान असा लागला की त्या दिवशी ती स्वतः जेवलीच नाही. सहदेवने मात्र कच्ची भाकरी निमूट खाल्ली. त्याला करपलेलं, कच्चं, काहीच कळत नसे. त्याचं सगळं चित्त खड्ड्यात.

शेवटी जमुना दुसऱ्याच्या वावरात धसकटं वेचायला गेली. स्वतःचं वावर असलेल्या घरची बाई, ती मजूरबायांच्या रांगेत वाकली. नाल्यापलीकडे कुर्बानमियांचं वावर होतं. त्यांची बायको हलीमाबी पाण्याची घागर घेऊन आली आणि जमुनेला पाहून थबकली.

"तुम कायकू वेचते जमुनाबाई? तुमारा तो खुद का वावर है ना."

"माह्या वावरची धसकटं वावरच खाते," जमुना म्हणाली.

हलीमाबी आधी हसली. मग जमुनेचे डोळे पाहून हसायची थांबली. "कल से नालेकडच्या तुकड्यात वेच," ती म्हणाली. "उधर मोटी हैं. कोई नहीं बोलेगा."

त्या चैत्रात जमुनेने भारेच्या भारे वाहिले. बांधायला दोर नव्हता, म्हणून जुन्या हिरव्या लुगड्याचे काठ फाडले. घरामागची भिंत पुन्हा भरली. तिला किती बरं वाटलं ते सांगून कुणाला पटायचं नाही. येता-जाता ती त्या ढिगावर उगाच हात ठेवायची. मग विमलचं, म्हणजे तिच्या एकुलत्या एक लेकीचं, बाळंतपण आलं. विमल बडनेऱ्याला दिलेली, नवरा रेल्वेत. जमुना तिकडे महिनाभर राहिली. तिथे शेगडीत दगडी कोळसा जळायचा, भाकरी पटापट व्हायच्या, आणि जमुनेला लेकीच्या सुखाचा आनंद आणि थोडा हेवाही वाटला. आता आपल्याही घरी जळण आहे, या समाधानात ती परतली.

घरामागची भिंत रिकामी होती.

ती तशीच कोठ्यात गेली. बैलांच्या पायाखाली धसकटं अंथरलेली होती, अर्धी चेचलेली, मुतात भिजलेली, आणि त्यांत जागोजाग हिरव्या काठाच्या चिंध्या तुडवलेल्या दिसत होत्या.

"हे भारे माहे होते," ती सहदेवला म्हणाली. "मी वेचले होते. दुसऱ्याच्या दारात जाऊन."

"खड्डा अर्धा खाली होता वं," सहदेव अगदी खऱ्या काकुळतीने म्हणाला. "आपल्याच वावरात जाईन ना ते. कुठी जाते?"

जमुना त्या दिवशी मोठ्याने रडली. नवऱ्याने टाकलेली बाई रडते तशी रडली, आणि तिला लाजही वाटली नाही. एवढा भला माणूस एवढा निर्दय कसा असू शकतो, हे तिला आयुष्यभर कळलं नाही. खड्ड्यात एक पेटती काडी टाकावी, असं तिच्या मनात कितीदा आलं असेल. पण ओलं असतं ते. पेटत नाही.

आणि तरीही एक गोष्ट खरी होती, जी तिने कुणाला सांगितली नाही. खालच्या तुकड्याची माती बदलत होती. ते तिला निंदताना गुडघ्यांना कळायचं. वरच्या तुकड्यात सिंधूच्या मदतीला गेली की ढेकळं गुडघ्यांना रुतायची, खुरपं आपटून हात भरून यायचे. खाली माती मऊसूत, खुरपं आपसूक आत जायचं. उन्हाळ्यात वर हातभर खोल भेगा पडायच्या, खाली बोट जेमतेम जाई. नाकातोंडात धूर घेऊन तिने जी माती पोसली होती ती आता तिच्या गुडघ्यांखाली उबदार लागायची. या मातीत सहदेवची धसकटं होती, तशी तिचीही होती. हिरव्या काठाच्या चिंध्याही तिच्यातच कुठेतरी होत्या. मनातल्या मनात ती त्या तुकड्याला आपलं मानू लागली होती, आणि हे सहदेवला कळू द्यायचं नाही एवढी अढी तिने धरून ठेवली होती.

पासष्ट साली पाऊस दगा देऊन गेला. पोळ्यानंतर आभाळ कोरडं झालं ते झालंच. वरच्या तुकड्यातली ज्वारी कमरेएवढी असतानाच पिवळी पडली, कणसात दाणाच भरला नाही. साऱ्या शिवाराची तीच गत. खालच्या तुकड्यातली ज्वारी मात्र उभी राहिली. भरघोस नव्हे, पण कणसं भरली, आणि त्या साली तेवढंही डोळ्यांत भरण्यासारखं होतं. एका दुपारी जमुना नाल्याच्या काठाला गवत कापत होती. तिने पाहिलं, उद्धव धुरा उतरून खाली आला. आपल्याला कोणी पाहत नाही असं समजून तो उकिडवा बसला. बोटांनी माती उकरली. मूठ भरून घेतली, दाबली, फोडली, नाकाशी नेली. मग एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत वावरावर नजर फिरवली, हात धोतराला पुसला आणि निघून गेला.

संध्याकाळी तिने सहदेवला ते सांगितलं. सहदेव खाता खाता थांबला. त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला.

"मूठभर घेतली? वास बी घेतला?"

"हाव."

"पटलं त्याले," तो म्हणाला. "शेवटी पटलं वं. इतके वर्सं हासत होता, आता पटलं." त्या दिवशी त्याने आणखी एक भाकरी मागून घेतली. एका माणसाने, त्यातही आपल्या धाकट्या भावाने, मान हलवावी, एवढ्यासाठी त्याने ही सगळी वर्षं काढली होती हे जमुनेला तेव्हा कळलं.

जमुनेने मात्र बैलबाजार पाहिला होता. गिऱ्हाईक बैलाचे दात बघतं ते कौतुकाने नव्हे.

त्याच हिवाळ्यात गोदावरी गेली. तेरवी झाली, पाहुणे पांगले, आणि उद्धवने वाटणीची गोष्ट काढली. त्यात चुकीचं काही नव्हतं. म्हातारीनेच तसं सांगून ठेवलं होतं. भावकीतले वडीलधारे वामनराव मध्यस्थ झाले. ओसरीवर बसून त्यांनी रीत सांगितली, जी सगळ्यांना ठाऊक होतीच. थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने त्यातला हवा तो उचलायचा. म्हणजे थोरला वाटे पाडताना डावंउजवं करत नाही, आणि धाकट्याला बोलायला जागा राहत नाही. दोघा भावांनी मान डोलावली. उद्धवने जरा लवकरच डोलावली.

वाटे पाडायच्या आदल्या दिवशी जमुनेने चुलीपुढची राख सारखी केली आणि बोटाने तिच्यात चौकोन काढला.

"अवो, इकडे पाहा. धुऱ्यानं वाटे नका पाडू. गावाकडून नाल्याकडं अशी उभी रेघ मारा. म्हंजे दोघाईले अर्ध वरचं, अर्ध खालचं. मंग त्यानं कोनताबी उचलो."

सहदेवने राखेकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "म्हंजे माह्या अर्ध्या मातीत तो वखर हाकन? अन त्याचं जाळलेलं अर्ध मी घेऊ?"

"अर्ध त राहीन आपल्याजोळ!"

"तो खालचा घेतच नाई. इतके वर्सं उकिरडा म्हनते त्याले. वरचा तुकडा गावाजोळ, गाडीवाट तिथून. तो वरचाच उचलन, पायजो तू."

"अन नाई उचलला त?"

"धाकटा भाऊ हाय वं माहा. मी तिथं काय केलं, त्याले मालूम नाई का?"

"मालूम हाय म्हनूनच सांगून राहिली ना मी!"

सहदेव उठला. जाताना त्याचा पाय राखेतल्या चौकोनावर पडला. मुद्दाम नव्हे, त्याचं लक्षच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सगळे वावरात जमले. सहदेवने धुऱ्याच्या दोन्ही टोकांना दगड रोवले आणि म्हणाला, "हे दोन वाटे. हा वरचा, हा खालचा." बायका जरा अंतरावर उभ्या होत्या, सिंधूने पदर दातात धरला होता आणि ती जमुनेकडे बघत नव्हती. वामनराव म्हणाले, "उद्धव, उचल बाबू." उद्धव धुऱ्यावर उभा होता. त्याने वहाणा काढल्या, खालच्या अंगाला उतरला आणि चार पावलं चालून उभा राहिला.

"मी हा घेतो."

सहदेव हसला. त्याला खरंच वाटलं, भाऊ गंमत करतो आहे. "अबे, तो त उकिरडा हाय ना?"

"हासत होतो दादा. चुकलं माहं," उद्धव म्हणाला. तो वर पाहत नव्हता, पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता. "पन तुले हे येते. तू वरच्या तुकड्याचं बी सोनं करशीन. मले नाई येत. अन मले दोन पोट्टे हायत. तुही विमल त गेली आपल्या घरी."

वामनरावांनी विचार करून मान हलवली. त्यांना त्यात न्याय दिसला. खरोखर दिसला, हीच त्यातली कडू गोष्ट. ज्याला येतं त्याने पुन्हा करावं, ज्याला येत नाही त्याला तयार मिळावं. "वाटे तूच पाडले सहदेव," ते म्हणाले. "आता कोनाचं नाव घेशीन?"

सहदेवने जमुनेकडे एकदा पाहिलं, आणि ती नजर जमुना मरेपर्यंत विसरली नाही. तिला ओरडावंसं वाटलं, ही माती माह्या चुलीतून गेली हाय, हिच्यापायी माहे डोळे गेले. पण वाटणीत बायकांनी बोलायचं नसतं. ती बोलली असती तरी कुणी विचारलं असतं, चुलीचा अन वावराचा संबंध काय?

निघताना उद्धव मागे वळून म्हणाला, "दादा, खड्डा तेवढा बुजवून देजो. एखांदं ढोर पडन त्यात."

त्या वर्षीचं खत खड्ड्यात जवळजवळ तयार होतं. जमुना म्हणाली, गाडी जुंपा, निदान हे तरी वरच्या तुकड्यात नेऊन टाकू. सहदेवने ऐकलं नाही. फावडं घेऊन तो एकटाच गेला आणि तयार खतावर माती लोटून त्याने खड्डा बुजवला, वर उभं राहून पायाने दाबला. "तिथलंच हाय ते," एवढंच घरी येऊन म्हणाला.

पुढच्या साली पाऊस बरा झाला. खालच्या तुकड्यातली ज्वारी माणसाच्या डोक्यावर गेली आणि नांदगावच्या बाजारात उद्धवच्या कणसांची चर्चा झाली. लोक म्हणाले, त्या तुकड्याची जातच चांगली, नाल्याचा गाळ आहे तिथे. सहदेवने वरच्या तुकड्यात पेरलं, निंदलं, कापलं. सगळं केलं, खड्डा तेवढा खणला नाही. जमुना वाट पाहत राहिली. दिवाळी झाली, संक्रांत झाली, शिमगा आला. वखर फिरला आणि धसकटं वर आली, तरी तो त्यांच्याकडे बघायला तयार नव्हता.

शिमग्यानंतर एका संध्याकाळी खालच्या तुकड्यातून धूर आला. उद्धवने धुऱ्यावर धसकटांचे ढीग पेटवले होते. वाईट हेतूने नव्हे, वावर लवकर मोकळं करायचं होतं त्याला. धूर वाऱ्याने वर, थेट सहदेवच्या अंगावर आला. तो बैलांच्या दाव्याला गाठ मारत होता. त्याने गाठ नीट मारली, सोडली, पुन्हा मारली, आणि पाठ फिरवून उभा राहिला.

जमुनेला ते बघवलं नाही. दुसऱ्या दिवशी ती एकटी वरच्या तुकड्यात गेली आणि दिवसभर वाकून धसकटं वेचली. भारे घरी आणले. घरामागच्या भिंतीशी थांबली नाही. सरळ कोठ्यात गेली आणि बैल यायच्या आधी जमिनीवर धसकटांचा जाड थर अंथरला, सहदेव अंथरायचा तसाच, कडेने दाट आणि मधे जरा विरळ. जन्मभर जिने त्याच्या खड्ड्याला शिव्या दिल्या तिने ते अंथरलं. हात झाडून दाराशी उभी राहिली. त्याने येऊन पाहावं, एक शब्द बोलावा, कुदळ कुठे आहे एवढं विचारावं. कुदळ तिने काढूनच ठेवली होती.

सहदेव आला. दारातच थांबला. बैल बाहेर खुंट्याला बांधले, आत जाऊन वाकला आणि धसकटं गोळा करू लागला. आपटून माती झाडायची, कवेत घ्यायची, स्वयंपाकघरात नेऊन चुलीशी रचायची. कोठा साफ होईपर्यंत तो खेपा घालत राहिला.

"अवो, हे काय करता? ते खड्ड्यासाठी हायत."

"कोनता खड्डा?" तो म्हणाला. मग शेवटची कव चुलीशी ठेवत म्हणाला, "तुले सरपन पायजे होतं ना वं. घे." आवाजात राग नव्हता. राग असता तर जमुना भांडली तरी असती.

तिने चूल पेटवली. धसकटं ठणठणीत वाळलेली. एका काडीतच पेटली, धूर नाही, फुंकणीला हात लावावा लागला नाही. तव्यावर भाकरी टम्म फुगली, दोन्ही बाजूंनी सारखी भाजली. कितीतरी वर्षांत त्या चुलीवर अशी भाकरी झाली नव्हती. तिने ती गरम गरम त्याच्या ताटात वाढली. त्याने अर्धी खाल्ली, अर्धी तशीच ठेवली आणि हात धुवायला उठला.